रुंद रूळ, लहान गाडी : नंदुरबारच्या वाटेने रेल्वे-प्रतिकृतींच्या छंदाचा आढावा

प्रत्यक्षातील रेल्वेगाडी, तिचे रूळ, स्थानके, सिग्नल आणि भोवतालचा मुलूख एका ठरावीक प्रमाणात लहान करून उभारणे, या छंदाला प्रतिकृती-रेल्वे असे म्हणता येईल. या छंदाचा कणा म्हणजे जुळणी-संच, अर्थात सुट्या भागांच्या रूपात मिळणारा आणि घरी कापून, घासून, चिकटवून, रंगवून पूर्ण करायचा इंजिनाचा, डब्याचा किंवा इमारतीचा संच. खेळण्यातली आगगाडी गाडीसारखी दिसली म्हणजे तिचे काम झाले, परंतु प्रतिकृतीचे प्रत्येक माप मूळ मापाला एकाच संख्येने भागून आलेले असावे लागते, आणि ही शिस्त पाळताना येणाऱ्या अडचणींवरच छंदिष्टांच्या आपसांतील सल्लामसलतीचा मोठा भाग खर्च होतो. महाराष्ट्रात, आणि विशेषतः नंदुरबारसारख्या मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यात, हा छंद करू पाहणाऱ्यापुढे पैशाच्या व साहित्याच्या प्रश्नाआधी मापाचा प्रश्न उभा राहतो. जगातील जवळजवळ सर्व जुळणी-संच ज्या रुळांसाठी तयार होतात ते रूळ नंदुरबारवरून जाणाऱ्या रुळांपेक्षा अरुंद आहेत, आणि या एका गोष्टीतून पुढचे बहुतेक प्रश्न निघतात.

दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतराला गेज म्हणतात. युरोपचा बराच भाग, उत्तर अमेरिका आणि चीन येथे ते १४३५ मिलिमीटर असून त्याला प्रमाण गेज असे नाव आहे, तर भारतातील मुख्य मार्गांचे ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट आहे. प्रतिकृतींमध्ये सर्वांत जास्त चालणारे एचओ हे प्रमाण १:८७ आहे, म्हणजे एक फुटाला साडेतीन मिलिमीटर, आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. १६.५ला ८७ने गुणले तर १४३५ मिलिमीटर येतात, म्हणून युरोपीय गाडीसाठी हे गणित बिनचूक जुळते. भारतीय ब्रॉडगेजला मात्र त्याच प्रमाणात १९.२ मिलिमीटर अंतराचे रूळ हवेत, आणि तसे तयार रूळ बाजारात नाहीत. भारतीय डबा १:८७ प्रमाणात अचूक बांधून एचओच्या तयार रुळांवर ठेवला की त्याची चाके शरीराच्या मानाने सुमारे १४ टक्के आत गेलेली असतात, आणि भारतीय गाडीचा जो रुंद, जमिनीला धरून बसलेला बांधा रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांत बसलेला असतो, तो हरवतो.

ही अडचण भारतापुरती नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण तिच्यावर इतरांनी काढलेले मार्ग उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये फार पूर्वी एचओच्या रुळांवर १:७६ प्रमाणाच्या गाड्या चालवण्याची पद्धत पडली, कारण ब्रिटिश इंजिने मुळातच आकाराने लहान होती आणि त्या काळातील मोटारी त्यांच्या पोटात मावत नव्हत्या. ओओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तडजोडीत रूळ १२ टक्क्यांहून अधिक अरुंद पडतात, तरीही त्या देशाचा बहुतेक सगळा बाजार याच मापावर उभा आहे. ज्यांना हे खटकले त्यांनी १८.२ आणि पुढे १८.८३ मिलिमीटर अंतराचे रूळ स्वतः घालायला घेतले, त्यांसाठी चाके, आस आणि मापपट्ट्या तयार करून घेतल्या आणि त्याभोवती स्वतंत्र संस्था उभ्या केल्या. कारखानदाराने न दिलेली अचूकता छंदिष्टांनी एकमेकांना मापे पुरवून मिळवली, असा हा प्रकार आहे.

मापांचा इतिहासही तेच सांगतो. जर्मनीतील मार्कलिन या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक गेजच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या आणि एका गाडीला दुसरा डबा पुढे केव्हाही जोडता येईल ही कल्पना रूढ केली. फ्रँक हॉर्नबी यांच्या चावीवर चालणाऱ्या गाड्या १९२०पासून आणि ओओ प्रमाणातील हॉर्नबी डब्लो १९३८पासून ब्रिटनमध्ये विकल्या जाऊ लागल्या, आणि १९४६ साली जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टमध्ये सुरू झालेल्या फालर या कंपनीने इमारतींचे संच घरोघरी नेले. परंतु निरनिराळ्या कंपन्यांची चाके व जोडकड्या एकमेकांच्या रुळांवर चालाव्यात यासाठीचे नियम एकट्या कारखानदारांकडून आले नाहीत. १९३५ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे छंदिष्टांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली तीच मुळी या विसंगतीला कंटाळून, आणि युरोपातील मंडळांचा संघही १९५४पासून असेच मानदंड ठरवत आला आहे. चाकांच्या जोडीतील आतल्या बाजूंचे अंतर एचओमध्ये सुमारे साडेचौदा मिलिमीटर असावे, ते कमीजास्त झाले तर गाडी सांध्यावर, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जोडणीवर, घसरते. नवशिक्याला पहिल्याच महिन्यात मिळणाऱ्या या सल्ल्याच्या मागे कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार, मोजणी आणि मतभेद आहेत.

महाराष्ट्रात लहान प्रमाणात मुलूख उभारण्याची हौस परकी नाही. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, गोणपाट चिखलात बुडवून डोंगराची घडी बसवतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणतात, आणि बुरूज ढासळू नये म्हणून माती किती घट्ट मळावी हे शेजारच्या मोठ्या मुलाकडून शिकतात. सार्वजनिक गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांनी मोटार, पट्टा आणि लाकडी सांगाडा यांचे ज्ञान गावोगावच्या मंडळांपर्यंत नेले, आणि घरच्या आराशीत धावती आगगाडी ठेवण्याची आवडही जुनी आहे. या देशी कौशल्याचा आणि प्रतिकृती-रेल्वेचा संबंध क्वचितच जोडला जातो, हे नुकसानीचे आहे, कारण डोंगर, माती व हिरवळ यांबाबत किल्ला करणाऱ्या मुलाला जे ठाऊक असते ते परदेशी पुस्तकातून पुन्हा शिकण्याची गरज नसते.

मराठी मुलखातील या छंदाचे सर्वांत ठळक नाव भाऊसाहेब जोशी यांचे आहे. पुण्यात कोथरूडला त्यांनी उभारलेले जोशी यांचे लघु रेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. एचओ प्रमाणातील एका लहान शहरातून वाफेच्या इंजिनांपासून वेगवान आधुनिक गाड्यांपर्यंत अनेक गाड्या तेथे एकाच वेळी धावतात, सिग्नल आणि सांधे यांचे नियंत्रण एका जागेवरून होते, आणि कित्येक मराठी मुलांनी धावती प्रतिकृती आयुष्यात प्रथम पाहिली ती तेथेच. एका माणसाचा छंद संस्थेच्या रूपाने टिकला, ही या संग्रहालयाची मोठी कामगिरी आहे. तेथील गाड्या आणि इमारती मुख्यत्वे युरोपीय वळणाच्या आहेत, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या मापातच आहे : ज्या प्रमाणात धावती, टिकाऊ यंत्रणा तयार मिळते त्या प्रमाणात भारतीय रुंद रूळ मिळत नाहीत, म्हणून दिवसभर, वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्याला युरोपाकडे वळावे लागते. भारतीय रेल्वेची प्रतिकृती हा त्यापुढचा, वेगळा प्रकल्प आहे.

आयातीचा मुद्दा थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्याच मथळ्याखाली येतात. त्या मथळ्यावरील मूळ सीमाशुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३मध्ये ७० टक्के झाले, आणि १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले. देशी खेळणी-उद्योगाला संरक्षण देण्याचा हा हेतू समजण्यासारखा असला तरी प्रौढ छंदिष्टाच्या इंजिनाची किंमत त्यामुळे बरीच वाढली. याचा एक चांगला परिणामही दिसतो, तो असा की तयार वस्तू महाग झाल्यावर घरी बांधण्याकडे, म्हणजे छंदाच्या मूळ गाभ्याकडे, लक्ष वळते. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे काही संच मध्यंतरी भारतातच तयार होत होते, यावरून प्लॅस्टिकचे बारीक साचेकाम येथे होऊ शकते हे सिद्ध आहे. उणीव आहे ती भारतीय विषयाच्या मागणीची आणि अचूक आराखड्यांची.

रुंद रुळांच्या प्रश्नावर तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग तडजोडीचा : डबा १:८७ प्रमाणात बांधायचा, रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच ठेवायचे. त्यात तयार यंत्रणा सरळ वापरता येते आणि इतर देशांच्या गाड्या शेजारी उभ्या करता येतात, म्हणून भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती करणारे बहुतेक जण याच वाटेने जातात. दुसरा मार्ग काटेकोरपणाचा : रूळ १९.२ मिलिमीटरवर स्वतः घालायचे, आस लांब करायचे, सांधे हाताने डाग देऊन बनवायचे. हे काम कसबी माणसाचे आहे आणि एका फलाटाचे काम पुरे व्हायला महिने लागतात. तिसरा मार्ग कमी चर्चिला गेला आहे आणि तोच या लेखाच्या मते नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचा आहे. त्यात रूळ तसेच ठेवून प्रमाण बदलायचे.

१६७६ला १६.५ने भागले तर १०१.६ येतात. हा आकडा योगायोगाचा वाटला तरी त्यामागे सरळ हिशेब आहे, कारण साडेपाच फुटांना दर फुटी तीन मिलिमीटर लावले की बरोबर १६.५ मिलिमीटर होतात. दर फुटी तीन मिलिमीटर हे प्रमाण ब्रिटनमध्ये १९५७ साली ट्राय-अँग कंपनीने टीटी या नावाने बाजारात आणले होते आणि तेथे त्याचे उपासक आजही आहेत. म्हणजे सुमारे १:१०० प्रमाणात भारतीय डबा बांधला तर एचओचे तयार रूळ त्याला जवळजवळ अचूक ब्रॉडगेज ठरतात, फरक राहतो तो दीड टक्क्याचा. व्यवहारात १:१०० धरण्याचा आणखी एक लाभ असा की मूळ वस्तूचा एक मीटर प्रतिकृतीत एक सेंटिमीटर होतो, त्यामुळे सहावीतल्या मुलालाही गणकयंत्राशिवाय मापे काढता येतात. वास्तुविशारदांच्या नमुन्यांसाठी १:१०० प्रमाणातील माणसे व झाडे मोठ्या शहरांत मिळतात, त्यांचाही उपयोग होतो. सर्वांत समाधानाची जुळणी चाकांच्या सांगाड्यात, म्हणजे बोगीत सापडते. आयसीएफ पद्धतीच्या, म्हणजे चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यातील जुन्या घडणीच्या, डब्याच्या बोगीतील दोन आसांमधील अंतर २८९६ मिलिमीटर असते, ते १:१०० प्रमाणात २९ मिलिमीटर होते. युरोपातील कित्येक डब्यांच्या बोगीचे अडीच मीटर अंतर १:८७ प्रमाणात २८.७ मिलिमीटर होते. जुन्या युरोपीय एचओ डब्याची बोगी काढून ती आयसीएफ डब्याखाली बसवली तर बोगीच्या लांबीत कोणतीही छाटणी करावी लागत नाही.

या मार्गाला दोषही आहेत आणि ते लपवणे योग्य होणार नाही. ९१५ मिलिमीटर व्यासाचे डब्याचे चाक १:१०० प्रमाणात ९.१५ मिलिमीटरचे हवे असताना एचओचे चाक साडेदहाचे असते, म्हणून डबा किंचित उंच बसतो आणि बोगीची बैठक खाली घ्यावी लागते. एलएचबी या नव्या पद्धतीच्या डब्यांची बोगी २५६० मिलिमीटरची असल्याने तेथे वरील जुळणी लागू पडत नाही. शिवाय १:८७च्या भारतीय गाड्या जवळ असलेल्या मित्राबरोबर एकच मांडणी करता येत नाही. आपले एक माप सर्वांनी धरल्याखेरीज डबे एकमेकांना जोडता येणार नाहीत, आणि असा निर्णय एकट्याने घेण्यासारखा नसतो.

नंदुरबार जिल्ह्यातील रेल्वे या कामासाठी विलक्षण समृद्ध विषय आहे. सुरतेहून अमळनेरकडे जाणारा ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीचा ब्रॉडगेज मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला जाऊन १९००च्या सुमारास पूर्ण झाला, आणि त्याची वाहतूक बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडे होती. आज उधना ते जळगाव हा सुमारे ३०६ किलोमीटरचा मार्ग पश्चिम रेल्वेत मोडतो आणि नवापूर, चिंचपाडा, खांडबारा, नंदुरबार ही स्थानके त्यावर आहेत. दीर्घकाळ एकेरी राहिलेल्या या मार्गाचे दुहेरीकरण व विद्युतीकरण १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले, आणि त्याच वेळी नंदुरबार ते उधना ही मेमू, म्हणजे डब्यांखालीच विजेच्या मोटारी असलेली स्थानिक गाडी, सुरू झाली. प्रतिकृती करणाऱ्याच्या दृष्टीने ही तारीख फार महत्त्वाची आहे, कारण तिच्या आधीचा आणि नंतरचा मुलूख वेगळा दिसतो : आधी एकेरी रूळ, डिझेल इंजिन आणि मोकळे आकाश, नंतर दोन मार्ग, २५ हजार व्होल्टच्या तारा आणि दर काही अंतरावर लोखंडी खांब. मांडणी कोणत्या वर्षाची आहे हे आधी ठरवले नाही तर डिझेल इंजिन तारांच्या जाळ्याखाली आणि नवे विद्युत इंजिन जुन्या एकेरी फलाटाशी उभे राहते, आणि जाणकाराला ते लगेच खुपते.

नवापूर स्थानकाचे वैशिष्ट्य सर्वश्रुत आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा फलाटावरूनच जाते, एका बाकावर दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत, तिकीट खिडकी महाराष्ट्रात तर स्थानक अधीक्षकांचे कार्यालय गुजरातेत आहे, आणि घोषणा मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत होतात. स्थानकाची लांबी सुमारे ८०० मीटर असून त्यातील ५०० मीटर गुजरातेत व ३०० मीटर महाराष्ट्रात मोडतात. हे स्थानक १:८७ प्रमाणात पूर्ण उभारायचे तर ९.२ मीटर आणि १:१०० प्रमाणात ८ मीटर लांब खोली लागेल, म्हणजे कोणत्याही मध्यमवर्गीय घरात ते मावणार नाही. एकट्या चोवीस डब्यांच्या गाडीला १:१०० प्रमाणात पाच मीटरहून अधिक जागा लागते. म्हणून छंदिष्ट निवडक आक्रसन करतात, म्हणजे ओळख पटवणारे भाग पूर्ण मापात ठेवून मधली एकसुरी लांबी कमी करतात. नवापूरच्या बाबतीत ओळख पटवणारा भाग म्हणजे सीमारेषा, बाक, पाट्या आणि तिकीट खिडकी, तेव्हा दोन मीटर लांबीत सहा डब्यांची गाडी व सीमेच्या दोहों बाजूंचा फलाट यथायोग्य बसू शकतो. वळणांचेही तसेच आहे. भारतीय ब्रॉडगेजवरील सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे असते, ते १:१०० प्रमाणात पावणेदोन मीटर होते, तर बाजारातील संचाबरोबर येणारे वळण ३६० मिलिमीटर त्रिज्येचे असू शकते आणि त्यावर २१ सेंटिमीटर लांबीचा डबा बाहेर झुकून शेजारच्या मार्गावरील गाडीला लागतो. अशा वेळी वळण झाडीत किंवा बोगद्यात लपवून सरळ भाग दर्शनी ठेवावा, हा सल्ला सर्व देशांतील जुने छंदिष्ट देतात.

नंदुरबार शहराच्या भोवताली लाल मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागा आहेत, त्यांना पथारी म्हणतात, आणि हंगामात तेथे जमीन दिसेनाशी होते. मांडणीत हा देखावा घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आठ सेंटिमीटरची मिरची १:१०० प्रमाणात एक मिलिमीटरहून लहान होते आणि खरी मिरची कुटून पसरली तर ती उजेडात फिकी पडते व तिला कीड लागते, तेव्हा बारीक चाळलेला लाकडी भुसा दोन-तीन लाल छटांत रंगवून पातळ गोंदावर भुरभुरणे हा टिकाऊ उपाय आहे. नवापूरकडील साग, मोह, खैर व बांबूचे रान युरोपीय संचांतील सूचिपर्णी झाडांनी दाखवता येत नाही. पंधरा मीटरचा साग पंधरा सेंटिमीटर उंच होतो, आणि उन्हाळ्यातील निष्पर्ण सागासाठी वाळलेल्या गवताचे तुरे व बारीक काटक्या यांचा उपयोग होतो. इमारतींचे संच वापरतानाही हेच लक्षात ठेवावे लागते, कारण बर्फ घसरून जावे म्हणून केलेली उभी उताराची युरोपीय छपरे काढून त्या जागी कौलांचे किंवा पत्र्याचे कमी उताराचे छप्पर बसवल्याखेरीज इमारत खानदेशातली वाटत नाही.

ज्याला रुंद रुळांचा पेच टाळायचा असेल त्याला शेजारीच एक वाट आहे. गुजरातेतील बिलिमोरा ते वघई हा ६३ किलोमीटरचा मार्ग ७६२ मिलिमीटर गेजचा आहे, जळगाव जिल्ह्यातील पाचोरा ते जामनेर हा मार्गही त्याच गेजचा होता, आणि १:८७ प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात. एन या लहान प्रमाणाचे रूळ नऊ मिलिमीटरचे असतात, म्हणून अरुंद गेजच्या भारतीय गाडीसाठी तयार रूळ व मोटारी जवळजवळ अचूक मिळतात. नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली सुरू झालेल्या अरुंद गेज रेल्वे संग्रहालयात अशी इंजिने व डबे जवळून पाहता येतात. गाडी लहान, वळणे तीव्र, चार डब्यांची मांडणी एका दरवाजाएवढ्या फळीवर बसते, आणि ब्रॉडगेजपेक्षा हा विषय सुरुवातीला अधिक फळ देतो.

संचांच्या साहित्याविषयी सविस्तर लिहिणे शक्य असले तरी येथे जिल्ह्याच्या ठिकाणी खरोखर उपयोगी पडणाऱ्या बाबींवर भर देणे इष्ट ठरेल. पितळी पत्रा आम्लाने कोरून केलेले संच उत्तम असतात, पण डाग देण्याचे कौशल्य व खर्च दोन्ही मागतात. त्यापेक्षा जाड कागद, सनबोर्ड आणि एमडीएफची पातळ फळी यांतून डबा व इमारत चांगली होते, आणि सन्मानचिन्हे व नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानांतील लेझर यंत्राने खिडक्यांच्या रांगा एकसारख्या कापून मिळतात. एका बाजूच्या भिंतीचा आराखडा एकदा नीट झाला की त्यावरून दहा जणांचे डबे कापता येतात, म्हणून आराखड्याची देवाणघेवाण हा येथे सल्ल्याचा सर्वांत मौल्यवान प्रकार ठरतो. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून शाळांना मिळालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्रिमितीय छपाई यंत्रे असतात, आणि डब्याखालची हवेची टाकी, बफर, छपरावरील झडपा असे लहान भाग त्यावर छापणे हे मुलांना मोजमाप, प्रमाण व आरेखन एकत्र शिकवणारे काम आहे.

सनबोर्डला रंगाच्या फवाऱ्यातील द्रावक लागला की आतला फेस वितळतो, म्हणून आधी पाण्याच्या रंगाचा किंवा फेव्हिकॉलचा पातळ हात द्यावा लागतो. प्लॅस्टिकच्या संचाला फेव्हिकॉल धरत नाही, त्याला प्लॅस्टिक विरघळवून जोडणारे द्रावण लागते. फेव्हिक्विकच्या वाफेने पारदर्शक खिडकीवर पांढरी साय येते, म्हणून काचा सर्वांत शेवटी आणि वेगळ्या गोंदाने बसवाव्यात. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८पासून निर्बंध आल्याने डोंगरासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, तिच्यावर कागदाचा लगदा किंवा प्लॅस्टरमध्ये भिजवलेले कापड ही जुनी पद्धत पुन्हा उपयोगात आली आहे आणि ती वजनाने जड असली तरी अधिक टिकते. नंदुरबारच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो : निकेल-सिल्व्हर मिश्रधातूचा रूळ ३० अंशांच्या फरकाने दर मीटरला सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, तेव्हा हिवाळ्यात रूळ घालताना रुळांच्या जोडांत फट ठेवली नाही तर मे महिन्यात तो फुगून वर उचलला जातो. खऱ्या रेल्वेलाही हाच प्रश्न पडतो. मांडणीचा पाया म्हणून साधी फळी वापरली तर ती पावसाळ्यात वाकते, म्हणून प्लायवुडला दोन्ही बाजूंनी व कडांना रंग देणे आवश्यक असते. धुळीने रुळांवर थर साचला की १२ व्होल्टचा प्रवाह चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि नवशिक्या मोटार बिघडली असे समजून इंजिन उघडतो. आधी रूळ पुसावेत, मग चाके, आणि त्यानंतरच मोटारीकडे वळावे, हा क्रम पाळला तर बहुतेक इंजिने उघडावीच लागत नाहीत.

वरील सूचनांकडे पाहिले तर चांगल्या सल्ल्याचे रूप स्पष्ट होते. त्यात साहित्याचे नाव, माप, हवामान आणि कारण असते. गोंद लावण्यापूर्वी सर्व भाग कोरडेच जुळवून पाहा असे नुसते सांगण्यापेक्षा, लेझरने कापलेल्या फळीची जाडी रंगानंतर वाढते आणि खाच घट्ट होते म्हणून जुळवून पाहा असे सांगितले तर ऐकणारा दुसऱ्या संचावरही तोच विचार लावू शकतो. याउलट एखादा गोंद किंवा रंग चांगला की वाईट एवढाच निवाडा देणारा सल्ला दुसऱ्याच्या हाती निरुपयोगी ठरतो, कारण तो कोणत्या पृष्ठभागावर आणि कोणत्या उन्हात वापरला हे कळत नाही. नवशिक्याच्या पहिल्या डब्यातील दहा चुका एकदम दाखवणाऱ्या जाणकारापेक्षा गाडी रुळावरून घसरवणारी एक चूक दाखवून बाकीच्या पुढच्या डब्यासाठी ठेवणारा जाणकार या छंदाचे अधिक भले करतो. पुण्यामुंबईच्या छंदिष्टाला शेजारी विचारता येते, परंतु नंदुरबार, शहादा किंवा नवापूरच्या मुलाला लिखित मराठी मजकुरावर विसंबावे लागते, आणि तांत्रिक छंदांवरील असा मजकूर मराठीत फार थोडा आहे. चाके, आस, सांधे, फलाट, डाग देणे, रंधा, कानस हे शब्द सुतार, लोहार व रेल्वे कामगार यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे तो लिहिण्यात भाषेची अडचण येणार नाही.

मापे मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा आधार रेल्वेच्याच मापांच्या अधिकृत अनुसूचीत आहे. ब्रॉडगेजच्या २००४च्या सुधारित अनुसूचीनुसार उंच फलाट रुळाच्या पातळीपासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच आणि मार्गाच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिलिमीटर अंतरावर असतो, तर नव्या कामांत दोन मार्गांच्या मध्यरेषांत ५.३ मीटर अंतर ठेवतात. म्हणजे १:१०० प्रमाणात फलाट आठ मिलिमीटर उंच, मध्यापासून १७ मिलिमीटर दूर, आणि दुहेरी मार्गांत ५३ मिलिमीटर अंतर, एवढे आकडे हाती आले की नंदुरबारच्या फलाटाचा सांगाडा कोणाही मुलाला आखता येतो. मुख्य मार्गावर दर किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे काँक्रीटचे पाट असतात, तेव्हा त्यांच्यातील अंतर ६० सेंटिमीटर व प्रतिकृतीत सहा मिलिमीटर येते. इमारती, पाण्याच्या टाक्या, जिने, कुंपणे यांची मापे मात्र अनुसूचीत सापडत नाहीत. ती फलाटावर उभे राहून, तिकीट काढून आणि आवश्यक तेथे परवानगी घेऊन नोंदवावी लागतात. रुळांत उतरणे हा रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७खाली गुन्हा आहे आणि जिवावर बेतणाराही आहे. भिंतीजवळ ज्ञात लांबीची पट्टी धरून समोरून घेतलेल्या छायाचित्रावरून दारे-खिडक्यांची मापे काही सेंटिमीटरच्या आत काढता येतात, आणि १:१०० प्रमाणात ती चूक अर्ध्या मिलिमीटरएवढीही उरत नाही.

ताप्ती मार्गावरील नोंदींचे काम लवकर होणे गरजेचे आहे, कारण दुहेरीकरणाने फलाट वाढले, पादचारी पूल बदलले आणि स्थानकांच्या नूतनीकरणात जुन्या दगडी कमानी, लाकडी जाळ्या व कौलारू पडव्या कमी होत चालल्या आहेत. चिंचपाडा किंवा खांडबारा येथील एका लहान इमारतीची दर्शनी बाजू, दोन बगला, छपराचा उतार आणि पाटीवरील अक्षरांची उंची इतकी मापे एका दुपारी दोघांना घेता येतात, आणि त्यांवरून केलेला आराखडा लेझर यंत्राला चालणाऱ्या स्वरूपात इतरांना दिला की तो भारतीय ब्रॉडगेजवरील एका लहान स्थानकाचा परिपूर्ण जुळणी-संच होतो. त्या आराखड्यावर मोजणीचे वर्ष, प्रमाण, वापरलेल्या फळीची जाडी आणि न मोजता अंदाजाने धरलेले भाग वेगळ्या रंगात दाखवले असावेत, म्हणजे पुढे तो वापरणाऱ्याला कोणत्या रेषेवर विसंबावे आणि कोणती स्वतः पुन्हा तपासावी हे कळेल.